पाठीवरचा नंबर

देवाच्या बाबतीत मी आयुष्यभर पायरीवर बसत आले. हे बोलायचं म्हणून बोलत नाही, खरंच बसत आले. लग्नाला चौतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत आमचे हे ज्या ज्या देवळात गेले, त्या त्या देवळाच्या पायरीवर मी चपला सांभाळत बसले आहे. ते बाहेर येऊन माझ्या हातावर प्रसाद ठेवायचे आणि मी तो खायचे, कारण साखरफुटाण्यांशी माझं काही तात्त्विक भांडण नव्हतं. त्यांनी मला कधी आत ओढलं नाही आणि आत काय मागितलंत असं मी कधी विचारलं नाही. या वाटणीवर संसार बरा चालला.

नोकरी मी कॉलेजच्या ग्रंथालयात केली. भक्तांच्या अनुभवांची पुस्तकं तिथे एका आख्ख्या कपाटात होती आणि त्यांना सर्वांत जास्त मागणी असे. संकटात सापडलेल्या माणसाला कुणी अनोळखी गृहस्थ मदत करतो आणि मागे वळून पाहावं तर तो दिसेनासा झालेला असतो, असं त्यांत हमखास असायचं. मी त्या पुस्तकांना मन लावून कव्हरं घातली, पण दर वेळी वाटायचं, की तो गृहस्थ शेजारच्या गल्लीत वळला असेल. त्यामुळे आता स्वतःचा तसलाच अनुभव लिहायला बसताना मला थोडं ओशाळल्यासारखं होतंय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझ्या अनुभवात कुणीही दिसेनासं झालेलं नाही. ज्या बाई भेटल्या त्यांचं घर मला माहीत आहे, आणि गेल्याच आठवड्यात त्यांनी भरून दिलेली टोपली परत पाठवा म्हणून त्यांचा निरोप आला होता.

आम्ही वसई तालुक्यातल्या बोळिंजला राहतो. यांना साखरेचा आजार पंधरा वर्षांचा, इन्शुलिन तीन वर्षांचं. निवृत्त झाल्यावर माणसं बाग लावतात किंवा शेअर बाजार बघतात. यांनी सायकल घेतली. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, तेव्हा मी काही बोलले नाही. पण हे कुठलीही गोष्ट एकट्यानं आणि गुपचूप करू शकत नाहीत. घरी दूध उतू गेलं तरी त्याचं प्रास्ताविक करतील. म्हणता म्हणता सोसायटीतले सात जण जमले आणि ‘तलाव दर्शन सायकल यात्रा’ ठरली. तीन दिवसांची यात्रा, आणि रोज संध्याकाळी मुक्कामाला आपापल्या घरी. स्वतःच्या उशीलाही मुकायचं नाही अशी यात्रा मी पहिल्यांदाच पाहत होते. पहिल्या दिवशी गावागावांतली तळी बघत सांडोरपर्यंत, दुसऱ्या दिवशी वसईच्या बाजूची, तिसऱ्या दिवशी फुलपाड्याच्या धरणाचा तलाव. त्यासाठी झेंडा झाला, बॅनर झाला आणि पोपटी रंगाचे सात टी-शर्ट शिवून आले.

ते टी-शर्ट मी पहिल्यांदा पाहिले ते निघायच्या दिवशी सकाळी. पाठीवर यात्रेचं नाव, त्याखाली कमळ, कमळाखाली ‘संपर्क’ आणि दहा आकडे. ते दहा आकडे माझे होते.

“अहो, हा माझा नंबर आहे,” मी म्हणाले.

“मग काय? माझा फोन पूजेपासून सायलेंटवर असतो,” हे म्हणाले. जणू एवढ्यानं सगळा खुलासा झाला.

“मी काय टेम्पो आहे, मागे नंबर रंगवायला?”

सगळे हसले. हे हसले नाहीत. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं, पण लोक हसले की मला पुढचं वाक्य सुचतं, हा माझा जुना दोष आहे. मी म्हणाले, “तुम्हाला देवसुद्धा लाउडस्पीकर लावलेलाच लागतो.” यावर कुणी हसलं नाही. हे सायकलला झेंडा बांधू लागले. सतत बोलणाऱ्या माणसाचं गप्प होणं फार मोठ्यानं ऐकू येतं. मी पोपटी टी-शर्टवर विंडचीटर चढवला आणि चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

पुढचं जे सांगायचं आहे, ते या हकिकतीतलं मला सर्वांत जड जाणारं आहे. झेंडा दाखवायला एका पाहुण्यांना बोलावलं होतं. ते सातला येणार, मग लगेच उपमा, मग प्रस्थान, असा बेत होता. त्या हिशेबानं यांनी सात वाजता इन्शुलिनचं इंजेक्शन घेतलं. ते घेतलं की लगेच खावं लागतं, नाहीतर साखर घसरून शुद्ध हरपते. पाहुणे आले सव्वाआठला. तोवर उपम्याच्या पातेल्यावर झाकण होतं, कारण पाहुण्यांच्या आधी खायचं कसं. मग पर्यावरणावर भाषण झालं, प्लास्टिकच्या बाटल्यांतलं पाणी पीत. शेवटी ताटल्या भरल्या तेव्हा यांनी दोन चमचे खाल्ले न खाल्ले तोच पाहुण्यांच्या ड्रायव्हरला काही मिळालं नाही असं कुणीतरी म्हणालं, आणि यांनी हातातली ताटली त्याला नेऊन दिली. मी हे पाहिलं. इतर कुठल्याही दिवशी मी मध्ये पडले असते, आधी तुम्ही खा म्हणून दटावलं असतं. पण आमचा अबोला होता, आणि पहिलं कोण बोलणार हा प्रश्न त्या घडीला मला त्यांच्या साखरेपेक्षा मोठा वाटला. मी तोंड फिरवून सायकलच्या टायरमधली हवा बघत राहिले.

दसरा होऊन गेला होता, तरी पाऊस निरोप घेऊन दारात गप्पा मारत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा जाता जात नव्हता. बोळिंजमधून बाहेर पडेपर्यंत लख्ख ऊन. इमारती संपून वाड्या लागल्या तशी एक सर आली, आम्ही सायकली उभ्या करेपर्यंत गेली, आणि रस्त्यावरून वाफा निघू लागल्या. पहिल्या तळ्यावर यांनी जलपूजन केलं. नारळ, फूल, संस्कृतातले चार श्लोक. तिसऱ्या श्लोकाला भुरभुर सुरू झाली आणि चौथा यांनी छत्रीखाली पुरा केला. फोन भिजू नयेत म्हणून सगळ्यांचे फोन एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या बास्केटमध्ये आले. बास्केटमध्ये आधीच यांची ग्लुकोजची पुडी, बिस्किटं आणि साखर तपासायचं मशीन होतं, कारण यांच्या सायकलला झेंडा आणि बॅनर असल्यानं बास्केट लावायला जागा नव्हती. मी रेनकोट त्यांच्यापुढे धरला. चौतीस वर्षांच्या सवयीनं धरला, बोलले नाही. ते मात्र बोलले. “नको. रेनकोट घातला तर मागचं कसं दिसणार?” म्हणाले, आणि झेंडा घेऊन पुढे गेले.

ते सर्वांत पुढे आणि मी सर्वांत मागे, असं आम्ही जात होतो. सांडोरच्या अलीकडच्या वळणांवर आभाळ एकदम काळं झालं आणि असा पाऊस आला, की पुढच्याची सायकल दिसेना. मी एका चहाच्या टपरीशी पोचले तेव्हा ताडपत्रीखाली पाच पोपटी पाठी उभ्या होत्या. सहावी नव्हती. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, ते थांबले नाहीत वहिनी, तळ्यावर जाऊन थांबतो म्हणाले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी घड्याळ बघत होते आणि सात वाजल्यापासूनचे तास मोजत होते. इन्शुलिन अंगात, उपम्याचे दोन चमचे, दोन तास पायडल, आणि साखर सगळी माझ्याकडे. त्यांच्याकडे झेंडा.

दोघे जण मागे मुख्य रस्त्याकडे बघायला गेले, बाकीचे टपरीवर थांबले, आणि मी पावसातच तळ्याकडे निघाले. तेवढ्यात पिशवीत माझा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. पावसाच्या आवाजात एका बाईचा आवाज, “तुमचा नंबर पाठीवर लिवलाय म्हनून लावला. तुमचा मानूस देवळात बसलाय. घाबरू नका, पन या.” मी विचारलं, कुठलं देऊळ? “आमचं देऊळ, तळ्याच्या अंगाला,” एवढं ऐकू आलं आणि फोन बंद पडला. पुन्हा लावला, लागेना.

तळ्याच्या काठावर महादेवाचं लहानसं देऊळ आहे, ते मला लगेच दिसलं. सायकल टाकून मी धावले. गाभाऱ्यात दिवा होता, पिंडीवर ताजं बेलाचं पान होतं, माणूस कुणी नव्हतं. ओल्या फरशीवर पावलंसुद्धा नव्हती. मी मागे जाऊन आले, तळ्याच्या पायऱ्या उतरून पाण्याकडे पाहून आले. ते का पाहिलं, ते लिहीत नाही. मग वाटलं, दुसरं देऊळ असेल. पुढे अर्ध्या मैलावर मारुतीचं होतं, तिथे एक कुत्रा अंग झाडत बसला होता. तिथून आणखी पुढे गणपतीचं आहे असं एकानं सांगितलं, तिथे कुलूप होतं. मी परत महादेवाकडे आले. एव्हाना पाऊस थांबून असं कोवळं ऊन पडलं होतं की राग यावा. सगळं तळं चकाकत होतं. मला त्यांचं ते गप्प होऊन झेंडा बांधणं दिसत होतं, आणि टायर दाबून पाहणारा माझाच अंगठा.

मी बूट काढले. विचार करून काढले असं म्हणता येणार नाही. आत जायचं तर पाय मोकळे हवेत, एवढं शरीराला ठाऊक होतं. उंबरा ओलांडून आत गेले आणि पिंडीसमोर उभी राहिले. हात जोडायची सवय नसल्यानं त्यांचं काय करायचं ते कळेना, म्हणून बिस्किटांचा पुडा दोन्ही हातांत धरून उभी होते. स्तोत्र एकही येत नाही. ज्या पुस्तकांना कव्हरं घातली त्यांतलं एक वाक्य आठवेना. शेवटी मी एवढंच म्हणाले, आणि ते मोठ्यानं म्हणाले, की माझ्याकडे बिस्किटं आहेत, ती त्यांच्यापर्यंत पोचव, मला वाट सापडत नाहीये. नंतर जे झालं त्याला रडणं म्हणतात.

“बिस्किटं कुणाला पोचवायची, ताई?”

मागे दारात एक म्हातारे गृहस्थ खराटा घेऊन उभे होते. पाऊस ओसरला की सभामंडपातलं पाणी काढायचं हे त्यांचं रोजचं काम असावं. देवानं इतक्या लवकर आणि खराटा घेऊन उत्तर द्यावं याची माझी तयारी नव्हती. मी त्यांना जमेल तसं सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. फोन करणारी बाई कशी बोलत होती? मी तिचं वाक्य तिच्याच सुरात म्हणून दाखवलं: तुमचा मानूस देवळात बसलाय, आमचं देऊळ, तळ्याच्या अंगाला.

त्यांनी खराटा भिंतीला लावला. “अहो ताई, गावात देवळं दोन तऱ्हेची. कुणाच्या तोंडून येतंय ते बघायचं.” मग बाहेर येऊन त्यांनी केळीच्या वाड्यांपलीकडे बोट दाखवलं. हिरव्या पानांच्या वर पांढराशुभ्र दर्शनी भाग, त्यावर क्रूस. “ते त्यांचं देऊळ. तिथे बसवलं असेल. तळं त्यांच्याही अंगाला आहेच की.”

मला हे ठाऊक होतं, हे सांगितलंच पाहिजे. वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतात हे मी वाचलेलं होतं, एका विद्यार्थ्याला त्यावरचा लेख शोधूनही दिला होता. वीस वर्षं या लोकांच्या शेजारी राहते आहे, त्यांच्याकडून भाजी घेते आहे. पण माहिती कपाटात होती आणि मी पावसात होते. देऊळ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जी उभी राहिली ती यांची देवळं, ज्यांच्या पायरीवर मी बसले. मी स्वतःला कुठल्याच देवळाची समजत नव्हते, आणि शब्द मात्र नेमका एकाच देवळाचा निघाला.

वाडीतल्या बांधावरून सायकल हातात धरून मी धावत गेले. चर्चच्या दाराशी यांची सायकल नीट स्टँडवर उभी होती, झेंडा सरळ. दाराबाहेर यांचे बूट जोडीनं काढून ठेवले होते; तिथे दुसऱ्या कुणाचेही बूट नव्हते. आत शेवटच्या बाकावर हे बसले होते. खांद्यावर कुणाचा तरी कोरडा पंचा, चेहरा कागदासारखा, पण डोळे जागेवर आलेले. शेजारी लाल लुगडं नेसलेल्या, साधारण सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर टोपली होती आणि त्या टोपलीतून एकेक सुकेळं काढून त्या यांच्या हातात देत होत्या. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, मधाच्या रंगाची, हाताला चिकटणारी. यांच्या बोटांना, हनुवटीला, पोपटी टी-शर्टाला, सगळीकडे ती चिकटली होती.

माझ्याकडे बघून हे म्हणाले, “रेनकोट घालायला हवा होता.”

मी म्हणाले, “हो.” अबोला कुणी मोडला, याची नोंद कुणी ठेवली नाही. मी त्यांच्या बोटाला सुई टोचली, मशीनवरचा आकडा ठीक असल्याचं पाहिलं, आणि मशीन हातातच असताना बाईंनी मला दंडाला धरून बाकावर बसवलं. “बस, बाय. आता बसायचं,” त्या म्हणाल्या. आमच्या डॉक्टरांना फोन लावला. खायला घाला, निजवा, संध्याकाळी घेऊन या, असं त्यांनी सांगितलं.

मावशींनी, म्हणजे त्या बाईंनी, सगळी हकिकत सांगितली ती सुकेळ्यांपासून सुरू करून, कारण त्यांच्या दृष्टीनं त्या दिवशीचं संकट तेच होतं. मोसमातली पहिली सुकेळी त्यांनी वाळत घातली होती. ऊन आलं की चटया अंगणात, ढग आला की चटया आत. सकाळपासून तिसऱ्यांदा उचलायची वेळ आली होती. तिसऱ्या वेळी त्या टोपली भरून पळत असताना वाडीच्या कडेला त्यांना पोपटी टी-शर्ट दिसला. माणसानं सायकल व्यवस्थित स्टँडवर लावली, झेंडा सरळ केला आणि चिखलात बसकण मारली. मावशींनी नाव विचारलं, तर तो म्हणाला, जलपूजन झालं. गाव विचारलं, तरी जलपूजन झालं. मावशींना वाटलं पिऊन आलाय. मग त्यांनी जवळून पाहिलं.

“पावसानं भिजलेला मानूस वेगळा, बाय, आनि घामानं भिजलेला वेगळा. आमच्या घरातल्याला बारा वर्षं साखर होती. मी घाम वळखते.” घरातला म्हणजे त्यांचे यजमान, चार वर्षांपूर्वी वारलेले. मावशींनी अर्धवट वाळलेलं केळं तिथेच यांच्या तोंडात घातलं, एकाची दोन केली, आणि शेजारणीला हाक मारून दोघींनी यांना देवळात आणलं. घरापेक्षा देऊळ जवळ होतं आणि उघडं होतं, कारण त्या दिवशी तिथल्या फुलांची पाळी मावशींचीच होती. दारात आल्यावर हे हटून बसले. बूट काढल्याशिवाय आत येईनात. मावशी म्हणाल्या, आमच्यात चालतं, तरी ऐकेनात. धड शुद्ध नसलेल्या त्या माणसानं खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, तेवढा वेळ त्या दोघी बायका त्याला दोन्हीकडून धरून उभ्या होत्या.

“मग बोलायला लागला. मी म्हटलं, घरचा नंबर सांग. तर सांगता येईना. म्हनतो, पाठच नाही कधी केला.” मावशी हसल्या. “मी म्हटलं, वळ तिकडे. पाठीवर लिवलाय की पाठ केलेला.” माझ्याशी बोलता बोलताच त्यांच्या फोनमध्ये पाणी गेलं आणि तो बंद पडला. आता तो समोरच्या बाकावर, उघडून, उन्हाच्या तिरिपेत वाळत ठेवला होता. सुकेळ्यांसारखाच.

मी यांच्या पाठीकडे पाहिलं. चिखल लागला होता, पण आकडे सगळे वाचता येत होते. दहाच्या दहा.

त्या दिवशी तिथे बसून मी जो हिशेब केला, तो मला अजून पुरता सुटलेला नाही. मावशींनी फोन केला तेव्हा यांच्या पोटात दोन केळी गेलेली होती आणि ते शुद्धीवर आले होते. म्हणजे मी मारुतीकडे, गणपतीकडे, तळ्याच्या पायऱ्यांवर धावत होते तो सगळा वेळ ते सुखरूप होते. मी महादेवापुढे अर्ज केला तेव्हा तो दुसऱ्या देवळात मंजूर होऊन तासभर होत आला होता. मग त्या अर्जाचा काय उपयोग झाला, असं मला कुणी विचारलं तर मी काय सांगणार? एवढंच सांगेन, की तोपर्यंत मी धावत होते आणि त्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदा थांबले. थांबले नसते, मोठ्यानं बोलले नसते, तर खराटा घेऊन आलेल्या त्या गृहस्थांनी मला काय विचारलं असतं? मी चौथं देऊळ शोधायला निघून गेले असते. आणि ज्या टी-शर्टची मी सगळ्यांसमोर थट्टा केली होती, ज्या मिरवण्यापायी यांनी रेनकोट नाकारला होता, ते मिरवणं अंगावर नसतं तर मावशींनी फोन कुणाला लावला असता, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारत नाही, पण आठवड्यातून एकदा विचारते. चमत्कार म्हणण्याइतकं मला कळत नाही. योगायोग म्हणावं, तर तो शब्द मी पूर्वी ज्या दिमाखात वापरायचे तो दिमाख आता येत नाही.

पोचवायला सांगितलेली बिस्किटं शेवटी मावशींनी चहात बुडवून खाल्ली. खराटेवाल्या गृहस्थांनी निरोप दिला तसे टपरीवरचे सगळे येऊन पोचले, सेक्रेटरींनी देवळात आवाज खाली करून बोलायचा प्रयत्न केला, आणि टेम्पो ठरवून सायकली घरी पाठवायचं ठरलं. टेम्पो येईपर्यंत आम्ही दोघं मावशींच्या ओट्यावर होतो. ऊन पडलं तसं मावशींनी चटया अंगणात आणल्या. हे आडवे पडून होते, म्हणून मी मदतीला गेले. एकेक केळं मोकळं करून पसरलं. शेवटचं पसरलं आणि ढग आला. मी मावशींकडे पाहिलं. त्या आधीच वाकल्या होत्या. पुन्हा सगळी उचलली. पंधरा मिनिटांनी पुन्हा ऊन. मी वैतागून म्हणाले, मावशी, याचा काही नेम आहे का? अशानं ही वाळणार कधी?

“वाळतात,” त्या म्हणाल्या. “ऊन त्याचं, केळी आपली. आपन हजर राहायचं फक्त.”

इतकी वर्षं शरणागती हा शब्द मी पुस्तकांच्या पाठीवर वाचत आले. हात जोडून, डोळे मिटून, सगळं सोडून देणं असं काहीतरी ते असावं, अशी माझी समजूत होती, आणि तसं करणं मला जमण्यातलं नव्हतं. त्या अंगणात मी पाचव्यांदा चटई उचलली तेव्हा वाटलं, की हेही तेच असेल. यात डोळे मिटायची गरज नाही. उलट आभाळाकडे नीट बघावं लागतं, आणि ताटली हातातून जाताना दिसली तर अबोला सोडून बोलावं लागतं. हजर राहायचं. तेवढं मी त्या सकाळी केलं नव्हतं. माझ्या जागी दुसरं कुणीतरी, टोपली घेऊन, हजर होतं.

यात्रेचा दुसरा दिवस आम्ही पंधरा दिवसांनी केला. डॉक्टरांची परवानगी होती, पाहुणे नव्हते, झेंडाही नव्हता. बॅनर सोसायटीच्या जिन्याखाली गुंडाळून ठेवलाय. उपमा आम्ही सगळ्यांच्या आधी आणि पोटभर खाल्ला, बिस्किटांचे पुडे दोघांच्याही बास्केटमध्ये होते. सकाळी गारवा होता, पण मी विंडचीटर घातला नाही. आमचे हे या वेळी माझ्या मागे होते. तशी अट मीच घातली होती. वसईच्या बाजूला वळलो तेव्हा मागून पुटपुटणं ऐकू यायला लागलं. रोज पहाटे पूजेच्या खोलीतून येतं तसंच, एका लयीत, मध्ये श्वास घेऊन पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, नामस्मरण चाललंय. म्हणून मी वेग थोडा कमी केला आणि ऐकलं.

ते माझ्या पाठीवर बघून माझा नंबर पाठ करत होते. सातव्या आकड्याशी दर वेळी चुकत होते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

मी मागे वळून पाहिलं नाही. पाठ मात्र सरळ ठेवली, त्यांना नीट वाचता यावं म्हणून.